जिभेखाली ठेवा, लाळ सुटू द्या

छातीत एकाएकी कळ आली, हातपाय गार पडले, आता माणूस हाती लागत नाही असं दिसलं, तर सोरा आणि मनशीळ एकत्र करून अगदी बारीक वाटावी. पूड जिभेखाली ठेवावी. लाळ सुटू द्यावी आणि ती सावकाश गिळावी.

ही कृती 'फूशिंगच्युए' नावाच्या चिनी वैद्यक ग्रंथातली. सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, फटाक्याच्या दारूत असतो तोच. मनशीळ म्हणजे आर्सेनिकचं तांबूस-नारिंगी खनिज. ज्याचं हृदय बंद पडायला आलंय त्याच्या तोंडात दारूगोळ्यातला एक जिन्नस आणि जोडीला एक विष घालायचं, असं पहिल्या वाचनात वाटतं आणि आपण पान उलटून पुढे जातो. मी वर्षानुवर्षं ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे माझी नजर साहजिकच त्या दोन द्रव्यांवर अडकली. लाळेबद्दलचं शेवटचं वाक्य मी नुसतं पथ्यपाणी म्हणून वाचलं होतं. सगळी गंमत त्याच वाक्यात आहे.

पण आधी ग्रंथाची कहाणी, कारण तीही सरळ नाही. चीनच्या गान्सू प्रांतात, वाळवंटाच्या काठावर तुनह्वांग आहे. तिथल्या मोगाओ लेण्यांमध्ये १९०० साली वांग युआनलू नावाच्या एका ताओपंथी साधूला भिंतीआड बुजवलेली एक खोली सापडली. आज तिला १७ क्रमांकाचं लेणं म्हणतात. आत हजारो गुंडाळ्या, अकराव्या शतकाच्या सुमाराला बंद करून ठेवलेल्या. १९०७ मध्ये ऑरेल स्टाइन हा पुरातत्त्वज्ञ तिथे पोचला. तो ब्रिटिश हिंदुस्थान सरकारच्या नोकरीत होता, म्हणून त्याने मध्य आशियातून आणलेल्या वस्तूंचा एक वाटा दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आजही आहे. पुढच्या वर्षी पेलिओ हा फ्रेंच अभ्यासक आला. वांगबुवांनी लेण्यांच्या डागडुजीसाठी पैसे घेत घेत गुंडाळ्या दिल्या, आणि ग्रंथ लंडन-पॅरिसला गेले. 'फूशिंगच्युए' मात्र या वाटेने गेला नाही. ज्या वैद्य घराण्याकडे तो होता त्यांचं सांगणं असं, की हपेइ प्रांतातल्या त्यांच्या पूर्वजाने तो थेट वांगबुवांकडून मिळवला. सांस्कृतिक क्रांतीत मूळ गुंडाळी नष्ट झाली. हाताने उतरवून घेतलेल्या नकला तेवढ्या राहिल्या आणि १९८८ मध्ये तुनह्वांगच्या वैद्यक ग्रंथांच्या संग्रहात त्यांवरून मजकूर छापला गेला. ग्रंथावर पाचव्या-सहाव्या शतकातल्या ताओ होंगजिंग या पंडिताचं नाव आहे. ते खरं की नंतर कुणी चिकटवलं, गुंडाळी तरी खरी जुनी होती का, यावर चिनी अभ्यासकांत अजून वाद चालतात.

हा ताओ होंगजिंग मला फार जवळचा वाटतो, ग्रंथ त्याचा असो वा नसो. इ.स. ४५६ ते ५३६ हा त्याचा काळ. त्या काळी बाजारात सोरा म्हणून भलतेच पांढरे क्षार विकले जात. दिसायला सगळे सारखे, चवीला खारट-गारट. खरा कुठला हे ओळखायला त्याने लिहून ठेवलं, की जाळून बघा. जांभळट-निळसर धूर उठला तर तो खरा सोरा.

अकरावीच्या प्रात्यक्षिकात आम्ही हेच करायचो. तार आम्लात बुडवायची, क्षाराच्या पुडीत टेकवायची आणि बर्नरच्या ज्योतीत धरायची. सोडियमचा कण जरी असला तरी पिवळा भपका उठतो आणि बाकी सगळं झाकून टाकतो. मग निळ्या काचेतून बघायचं. पिवळा गाळला जातो आणि पोटॅशियमची फिकी जांभळी ज्योत दिसते, नीट पाहिली तरच. "मॅडम, काहीच दिसत नाही" हे वाक्य मी दर बॅचला ऐकलं. ताओ होंगजिंगकडे ना बर्नर होता, ना निळी काच. तरी त्याला जांभळं दिसलं.

आता जिभेखाली का? चिनी वैद्यकाच्या दृष्टीने याचं उत्तर सरळ आहे. 'ह्वांगदी नेइजिंग' हा त्यांचा मूळ ग्रंथ. त्यात हृदयाचं आणि जिभेचं नातं मांडलं आहे: जिभेवर सत्ता हृदयाची, हृदयाचा प्राणप्रवाह जिभेपर्यंत पोचतो. म्हणून हृदयाचा मार्ग तुंबला तर दार जिभेकडून उघडायचं. 'फूशिंगच्युए'मध्ये या कृतीला जिभेवर औषध ठेवून हृदयाचा प्रवाह मोकळा करण्याची पद्धत म्हटलं आहे. अशा वेगवेगळ्या दारांच्या कृती तिथे ओळीने दिल्या आहेत, डोळ्याकडून, नाकाकडून, कानाकडून.

आपल्यापैकी अनेकांच्या घरात जिभेखालची गोळी ओळखीची असते. माझ्या सासऱ्यांच्या सदऱ्याच्या खिशात सॉर्बिट्रेटची पट्टी कायम असायची. सदरा धुवायला टाकण्याआधी खिसा चाचपायचा, हा सासूबाईंचा नियम होता. जिभेखालच्या या गोळीचं मूळ विलायती आहे. १८७९ मध्ये विल्यम मरेल या लंडनच्या डॉक्टरने छातीच्या कळेवर नायट्रोग्लिसरिन वापरल्याचं 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं. पुढे म्हातारपणी आल्फ्रेड नोबेललाही डॉक्टरांनी तेच दिलं, म्हणजे ज्याने त्याचा डायनामाइट झाला तेच. औषधवाला आणि लोक घाबरू नयेत म्हणून तिथे त्याला ट्रायनायट्रिन म्हणतात, असं त्याने पत्रात गमतीने लिहिलं होतं.

सॉर्बिट्रेट आणि सोरा, दोन्ही नायट्रेटच्याच कुळातली. तरी त्यांत मोठा फरक आहे. सॉर्बिट्रेट जिभेखालच्या पातळ त्वचेतून थेट रक्तात उतरतं. गिळलं असतं तर यकृताने वाटेतच त्याचा बराच भाग मोडला असता, म्हणून ते जिभेखाली. तिथे लाळेचं काम फक्त विरघळवण्याचं. सोऱ्याचं तसं नाही. नायट्रेट हा फार आळशी आयन आहे. आपल्या शरीराच्या पेशींना त्याचं फारसं काहीच करता येत नाही. नायट्रेटचं नायट्राइट करायला, म्हणजे त्यातला एक ऑक्सिजन काढायला, माणसाकडे म्हणावं असं हत्यारच नाही. ते हत्यार आपल्या तोंडात राहणाऱ्या जंतूंकडे आहे.

जीभ बाहेर काढून आरशात बघितली तर पुढचा भाग गुळगुळीत दिसतो. मागे, घशाकडे, खडबडीत दाणे असतात, त्यांच्यामध्ये खाचा. ब्रश तिथे नीट पोचत नाही, आणि पोचला तर उबळ येते. त्या खाचांच्या तळाशी हवा कमी असते. व्हेलोनेला, अ‍ॅक्टिनोमायसिस, रोथिया, नायसेरिया अशा नावांचे जंतू तिथे वस्ती करून असतात. ऑक्सिजन कमी पडला की श्वासासाठी ते नायट्रेट वापरतात. आपण ऑक्सिजनवर जगतो तसे ते त्या घडीला नायट्रेटवर जगतात, आणि त्यांच्या श्वासातून उरतं ते नायट्राइट. ते लाळेत उतरतं, लाळेबरोबर पोटात जातं. पोटातल्या आम्लात काही भागाचा तिथेच नायट्रिक ऑक्साइड होतो, उरलेलं नायट्राइट रक्तात जातं आणि रक्तवाहिन्यांमध्ये त्याचाही नायट्रिक ऑक्साइड होऊ शकतो. हा वायू रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या स्नायूला सैल सोडायला सांगतो. वाहिनी रुंदावते, दाब उतरतो. त्याच्या या कामगिरीच्या शोधाबद्दल १९९८ चं वैद्यकाचं नोबेल फर्चगॉट, इग्नॅरो आणि मुराद यांना मिळालं. लाळेतल्या नायट्राइटचा पोटात नायट्रिक ऑक्साइड होतो, हे स्वीडनमध्ये आणि ब्रिटनमध्ये स्वतंत्रपणे दाखवलं गेलं ते १९९४ मध्ये.

यातली सगळ्यात अजब गोष्ट अशी, की पालक किंवा बीट खाल्लं की त्यातलं नायट्रेट तोंडातून एकदा पुढे जातं, आतड्यातून रक्तात शिरतं, आणि मग लाळग्रंथी ते रक्तातून ओढून पुन्हा तोंडात आणतात. साधारण पाव हिस्सा असा परत येतो आणि लाळेत त्याचं प्रमाण रक्ताच्या कितीतरी पट वाढतं. शरीर स्वतःहून जंतूंसमोर ताट वाढतं. हे ओढण्याचं काम लाळग्रंथीतलं कोणतं प्रथिन करतं, हे २०१२ मध्ये बीजिंगच्या वांग सोंगलिन यांच्या चमूने दाखवलं. सायलिन त्याचं नाव.

लंडनमध्ये २००८ मध्ये झालेला प्रयोग मला या सगळ्यात जास्त आवडतो, कारण तो करायला महागडं यंत्र लागत नाही. निरोगी माणसांना अर्धा लिटर बिटाचा रस पाजला. काही तासांत वरचं बीपी सुमारे १० अंकांनी उतरलं. मग काही जणांना तोच रस देऊन सांगितलं, की पुढचे तीन तास आलेली लाळ गिळायची नाही, थुंकत राहायचं. त्यांचं बीपी उतरलं नाही. रक्तातलं नायट्राइटही वाढलं नाही. रस पोटात तेवढाच गेला होता, फरक फक्त थुंकण्याचा.

आता परत त्या चिनी वाक्याकडे या आणि त्यातला एकेक शब्द बदलून बघा. "पूड पाण्याबरोबर घ्यावी" असं लिहिलं असतं, तर सोरा आधी पोटात, मग रक्तात, मग लाळेत आला असता. त्याला तास-दोन तास लागतात, आणि हातपाय गार पडलेल्या माणसाकडे तेवढा वेळ नसतो. "चूळ भरून थुंकावी" म्हटलं असतं, तर लंडनच्या थुंकणाऱ्या मंडळींसारखं हाती काहीच लागलं नसतं. "जाड भरडावी" म्हटलं असतं, तर खडे विरघळायला वेळ गेला असता. बारीक पूड, जिभेखाली, लाळ सुटू द्यायची, सावकाश गिळायची. यात जंतूंना नायट्रेट पहिल्याच फेरीत मिळतं आणि त्यावर काम करायला थोडा अवधीही मिळतो. लिहिणाऱ्याला जंतू ठाऊक नव्हते, नायट्रेट ठाऊक नव्हतं, रक्तदाब नावाची मोजायची गोष्ट असते हेही ठाऊक नव्हतं. त्याला हृदयाचं दार उघडायचं होतं. रसायनाच्या हिशेबाने त्याची कृती जमते. त्याने दिलेलं कारण जमत नाही.

इथे माझ्यातली शंकेखोर मास्तरीण जागी होते. मूळ गुंडाळी नाही, मग विसाव्या शतकात कुणी नायट्रोग्लिसरिनची हकिकत ऐकून ही कृती मागाहून घुसडली नसेल कशावरून? असू शकेल. पण नायट्रोग्लिसरिन ऐकून माणूस "जिभेखाली ठेवा" लिहील. "लाळ सुटू द्या आणि ती गिळा" यावर भर कशाला देईल? लाळेचं हे काम ज्या वर्षी दाखवलं गेलं, त्याच्या आधीच मजकूर छापून झाला होता. म्हणून ग्रंथ बनावट ठरला तरी ते वाक्य कुणाच्या तरी अनुभवातूनच आलं असावं, असं मला वाटतं.

आणि लाळ गिळण्याचं चिनी मंडळींना वावडं नव्हतंच. ताओपंथी साधनेत लाळेला मोठा मान. सकाळी उठल्यावर दातांवर दात वाजवायचे, जीभ तोंडभर फिरवायची, लाळ जमवायची आणि घोट घोट गिळायची. तिला पाचूचा झरा म्हणायचे. सातव्या शतकातला थांग राजवटीचा थोर वैद्य सुन सिमियाओ यानेही दीर्घायुष्यासाठी हे सांगितलं आहे. जिभेच्या खाली दोन बाजूंना निळसर शिरा दिसतात, तिथल्या अ‍ॅक्युपंक्चरच्या बिंदूंची नावंही सोन्याची आणि पाचूची आहेत. आपल्याकडे थुंकी म्हणजे विटाळ. उष्ट्या बोटाने पान उलटलं तर आजी हात धुवायला लावायची, पत्रावर तिकीट चाटून चिकटवणाऱ्याकडे तिरकं बघितलं जायचं. दुसऱ्याच्या थुंकीबद्दल आजीचं म्हणणं मला मान्य आहे. स्वतःच्या थुंकीची मात्र आपण उगीच शिसारी बाळगतो.

माउथवॉशच्या जाहिराती याच शिसारीवर चालतात. दात काढल्यावर किंवा हिरड्यांच्या उपचारानंतर डॉक्टर क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशक माउथवॉशची बाटली लिहून देतात, ती योग्यच. पुढे बाटली बेसिनवर राहते, वास बरा येतो म्हणून चालूच राहते. लंडनच्याच संशोधकांनी २०१३ मध्ये १९ निरोगी माणसांना आठवडाभर असं माउथवॉश वापरायला दिलं. तोंडात तयार होणारं नायट्राइट ९० टक्क्यांनी घटलं, रक्तातलं सुमारे २५ टक्क्यांनी, आणि बीपी २ ते साडेतीन अंकांनी वर गेलं. अंक लहान आहेत, खरं. एका माणसाला त्याने काही होणार नाही. पण बीपीच्या गोळ्या घेणाऱ्याला गोळीने दहा अंक उतरवायचे आणि बाटलीने तीन परत चढवायचे, हा सौदा कुणी जाणूनबुजून केला नसता. प्वेर्तो रिकोच्या सान हुआनमध्ये अतिवजनाच्या प्रौढांची तीन वर्षं पाहणी झाली. दिवसातून दोनदा किंवा जास्त माउथवॉश वापरणाऱ्यांमध्ये उच्च रक्तदाबाची नवी प्रकरणं जास्त दिसली. पाहणीतून कार्यकारण सिद्ध होत नाही, हे मी विद्यार्थ्यांना सांगायचे, तसं इथेही सांगते.

जीभ घासणाऱ्यांनी दचकायचं कारण नाही. ह्युस्टनमध्ये २०१९ मध्ये छापलेल्या एका लहान अभ्यासात, ज्यांच्या जिभेवर नायट्राइटवर काम करणारी जंतूंची यंत्रणा जास्त, त्यांचं विश्रांतीतलं वरचं बीपी कमी दिसलं, आणि माउथवॉश बंद केल्यावर नायट्रेट फोडणारे जंतू पुन्हा वाढले. वस्ती सहज उठत नाही, उठते ती रोज फवारणी केली तरच.

सगळे जंतू भले असतात असंही नाही. हिरड्यांच्या खिशात राहणारी एक वेगळीच टोळी असते, पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस त्यातला म्होरक्या. ती हिरडी सुजवते, रक्त काढते, आणि ती सूज नुसती तोंडापुरती राहत नाही. ग्वांगझौच्या सुन यात-सेन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये सांगितलेला प्रयोग असा: हिरड्यांचा मध्यम ते गंभीर आजार आणि बीपी थोडं वर असलेले १०७ जण घेतले. अर्ध्यांना साधी सफाई, अर्ध्यांना हिरडीच्या खाली जाऊन खोल सफाई आणि गरज तशी अँटिबायोटिक. बीपीची गोळी कुणालाच नाही. सहा महिन्यांनी खोल सफाईवाल्यांचं वरचं बीपी दुसऱ्या गटापेक्षा जवळपास १३ अंकांनी कमी होतं. इथे जंतू मारल्याने दाब उतरला, तिथे जंतू मारल्याने चढला. दोन्ही खरं आहे, कारण जंतू वेगळे आणि घरंही वेगळी.

चिनी वैद्यकात उच्च रक्तदाब असा रोगच नव्हता. कसा असेल? दंडाला पट्टा बांधायची रिवा-रोच्चीची युक्ती १८९६ ची, नळी कानाला लावून ठोके ऐकायची कोरोत्कोव्हची पद्धत १९०५ ची. त्याआधी होती ती भोवळ, डोकेदुखी, कानातली गुणगुण, लालबुंद चेहरा, विनाकारण येणारा राग. याला ते यकृताचा यांग, म्हणजे उष्ण शक्ती, वर चढला म्हणतात. त्यांच्या पंचतत्त्वांत मूत्रपिंड म्हणजे पाणी आणि यकृत म्हणजे लाकूड. मूत्रपिंडाचं पाणी कमी पडलं की यकृताच्या लाकडाला आवर राहत नाही आणि उष्णता डोक्यात जाते, अशी ती मांडणी. यावरचा आजचा प्रसिद्ध काढा, तिएनमा गोउतेंग यिन, प्राचीन वाटतो, पण १९५० च्या दशकात हू ग्वांगत्स या वैद्याने मांडलेला आहे, तोही आधुनिक रक्तदाब डोळ्यांसमोर ठेवून. त्यात अ‍ॅबलोनी या समुद्री गोगलगाईचा शिंपला आधी बराच वेळ उकळायचा आणि गोउतेंगच्या वेलीचे आकडे शेवटी टाकायचे, कारण जास्त उकळले की त्यांचा गुण जातो.

माझी मावसबहीण सिंगापूरला असते. तिचं बीपी हट्टी आहे, गोळी चालू असूनही वर-खाली होतं. तिच्या शेजारणीच्या सांगण्यावरून ती एका चिनी वैद्याकडे जायला लागली आणि मी तिच्याकडे गेले असताना मलाही घेऊन गेली. तळमजल्यावरचा छोटा दवाखाना, भिंतीला लाकडी खणांचं कपाट, हवेत मुळ्या-सालींचा कडवट वास. वैद्यबाई चाळिशीच्या असतील. त्यांनी आधी विचारलं, "आंटी, सकाळी जीभ घासली का?"

बहीण म्हणाली, "अर्थात."

त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मग आज मला अर्धंच दिसणार."

त्यांना जिभेवरचा थर बघायचा होता. पातळ पांढरा म्हणजे ठीक. जाड, पिवळा, चिकट म्हणजे आत उष्णता. थर नाहीच, जीभ लाल आणि तुळतुळीत, म्हणजे रस आटला आहे. टोक हृदयाचं, कडा यकृताच्या, मधला भाग पोटाचा, मूळ मूत्रपिंडाचं. १३४१ मध्ये छापलेल्या एका ग्रंथात ३६ जिभांची चित्रं आहेत, तेव्हापासून ही परंपरा वाढत आली. आपण जे मळ म्हणून रोज पट्टीने ओरबाडून काढतो, तो त्यांचा पुरावा. आणि तो थर बराचसा जंतूंचा असतो, हे लक्षात घेतलं तर शेकडो वर्षं चिनी वैद्य जंतूंच्या वस्तीकडेच बघत होते म्हणायचं. २०१२ मध्ये बीजिंगच्या छिंगह्वा विद्यापीठातल्या संशोधकांनी जठराच्या सुजेच्या १९ रुग्णांच्या आणि ८ निरोगी माणसांच्या जिभेवरच्या थराचे जनुक वाचले. वैद्यांनी ज्यांना 'थंड' म्हटलं आणि ज्यांना 'उष्ण' म्हटलं, त्यांच्या थरांतल्या जंतूंची ठेवण वेगळी निघाली. माणसं मोजकी होती, त्यावर इमारत उभी करू नये. पण शोध लावण्याजोगं काहीतरी तिथे आहे, एवढं नक्की.

वैद्यबाईंनी मग नाडी पाहिली. तीन बोटं, दोन्ही मनगटं, डोळे मिटून, बराच वेळ. "तारेसारखी," त्या म्हणाल्या. ताणलेल्या वाद्याच्या तारेवर बोट ठेवावं तशी ती लागते, आणि त्यांच्याकडे ती यकृताची खूण. मी मध्येच माझं घोडं दामटलं आणि विचारलं, की थर म्हणजे जंतू, जंतू म्हणजे नायट्राइट, हे त्यांना शिकवलं होतं का. शिकवलं नव्हतं, पण वाचलं होतं. म्हणाल्या, "छान आहे. पण मला उद्या आंटींना काय द्यायचं ते त्यातून कळत नाही." मग बहिणीला बजावलं, की दवाखान्यातली बीपीची गोळी बंद करायची नाही, काढा तिच्या जोडीला आहे, आणि दोन्ही डॉक्टरांना दोन्ही औषधं सांगायची.

मला त्यांचा तो रोखठोकपणा पटला. आपल्याकडे फिरणारे "पूर्वजांना सगळं ठाऊक होतं" छापाचे मेसेज मला अजिबात सोसत नाहीत, मग पूर्वज चिनी असोत की आपले. त्यांना सगळं ठाऊक असतं तर सोऱ्याशेजारी मनशीळ कशाला ठेवली असती? सोऱ्याने जे व्हायचं ते झालं असणार. मनशिळीने नशिबाने काही केलं नसेल, कारण ती पाण्यात फारशी विरघळत नाही. रुग्ण वाचला की श्रेय दोघींना वाटून मिळालं आणि दोघी मिळून शेकडो वर्षं पुढे गेल्या. अनुभवाला बेरीज छान जमते. यातलं काय काढून टाकलं तरी चालेल, हे मात्र त्याला सांगता येत नाही. त्यासाठी अर्ध्या लोकांना थुंकायला लावणारं कुणीतरी लागतं. आणि सोऱ्याबद्दल सांगायचं तर, आज छातीत कळ आली की अ‍ॅम्ब्युलन्स बोलवायची. फटाक्याच्या दुकानात जायचं नाही.

२००९ मध्ये ह्युस्टनच्या काही संशोधकांनी हृदयविकारावर दिल्या जाणाऱ्या चिनी औषधी तपासल्या. त्यांच्यात नायट्रेट, नायट्राइट सापडलं आणि काहींमध्ये नायट्राइटपासून नायट्रिक ऑक्साइड बनवण्याची क्षमताही दिसली. असे कडवट काढे ताओ साधकाच्या धीराने घोट घोट पिणारे लोक आणि नाक दाबून एका दमात संपवणारे लोक, यांच्यात बीपीचा फरक पडतो का, हा माझा पेटंट प्रश्न. बहिणीने त्यावर मला वेड्यात काढलं. ती दुसऱ्या गटातली.

हल्ली ती सकाळी बिटाची कोशिंबीर खाते, माउथवॉश कपाटात गेलं आहे, आणि जीभ ती पट्टीने पुढून हलकेच घासते, मागच्या वस्तीला धक्का न लावता. फक्त वैद्यबाईंच्या भेटीच्या दिवशी सगळा बेत फिरतो. आदल्या दिवशी दवाखान्यातून मेसेज येतो: उद्या जीभ घासू नये, कॉफी घेऊ नये, बीट खाऊ नये. बिटाने जीभ लाल होते आणि मग यकृताचा यांग चढलाय की कोशिंबीर, हे त्यांनाही सांगता येत नाही.